निळीच्या पाच बादल्या

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझा पाय अजून प्लास्टरमध्येच असेल. साठी ओलांडलेल्या माणसाने शिडीवर चढू नये हे सांगून माझी जीभ झिजली, पण आज भांडायला लिहीत नाही. मोरी बिघडली आहे म्हणून लिहिते आहे.

तसंही घरात बोलायला कोणी उरलेलं नाही. ह्यांना दवाखान्यातून घरी आणून बारा दिवस झाले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पस्तीस वर्षं शाळेत बोलून बोलून पोरांचं डोकं उठवणारा तुझा मित्र, आता 'हो' म्हणायला जातो तर मान 'नाही' अशी हलते. मग स्वतःवरच चिडतात आणि डोळे भरून येतात. डावा हात तेवढा चालतो. पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या. जिना चढणं आता कायमचं बंद, म्हणून पलंग खाली आणवून घेतला. नर्सबाई सकाळी तासभर येते. बाकी दिवसभर मी आणि ते.

मोरीचं असं झालं. महिनाभर पाणी तुंबायचं. भांडी विसळली की घोट्याएवढं पाणी साचायचं आणि गुडगुड करत सावकाश जायचं. मी काठी घालून बघितली, कढत पाणी ओतून बघितलं. मग गेल्या सोमवारपासून तुंबणं अचानक थांबलं. ओतलं की लगेच जातं. मला आधी बरं वाटलं. नंतर मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडलं, तर आत जेमतेम ओल. मोरीतून गेलेलं पाणी तिथे पुरतं पोचतच नाही.

मोरी आणि चेंबरच्या मधे आमची मागची खोली. तिच्या फरशीखालून तूच पाइप टाकला आहेस, आमच्या लग्नाच्या वर्षी. त्या खोलीत आता कुबट वास येतो. भिंतीच्या बुडाशी वीतभर ओल चढली आहे. काल मी वरवंटा घेऊन एकेक फरशी ठोकून बघितली. कडेच्या फरश्या ठक्क वाजतात. मधल्या सहा-सात तशा वाजत नाहीत. त्यांचा आवाज खाली कुठेतरी जाऊन येतो.

गवंडी म्हणाला, फोडून बघू. मी म्हटलं, आधी दादाला विचारते. तर सरळ विचारते, सरळ उत्तर दे. त्या फरशीखाली काय आहे? मला भीती वाटते रे. पाइप फुटल्याची नाही, इतक्या वर्षांनी फुटायचाच. घरातलं पाणी घरातच कुठेतरी नाहीसं होतंय आणि कुठे ते मला ठाऊक नाही, त्याची भीती वाटते.

तुझी
भिंगरी


६ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद. फरशीखाली माती असते, दुसरं काय असणार? तू लहानपणापासून अशीच. उंदीर खुडबुडला की तुला घर पडलं असं वाटायचं.

पाइप चिनीमातीचा आहे, दोन-दोन फुटांचे तुकडे, दर सांध्याला काथ्या आणि सिमेंट. एखादा सांधा सुटला असणार. मोरीच्या वळणाशी सुटला असेल तर अर्ध्या दिवसाचं काम, कुठलाही गवंडी करेल. पुढे खोलीच्या मध्यावर सुटला असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल. म्हणून आधी पाणी किती गळतंय ते बघू. थोडं गळत असेल तर वळण, फार जात असेल तर मधला भाग.

असं कर. चेंबरच्या पुढच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट कोंब. मग कपड्यांची नीळ कालवून पाच बादल्या पाणी मोरीत ओत. चेंबरमध्ये निळं पाणी जमेल ते टमरेलाने काढून मोज. पाचातल्या किती पोचल्या ते मला कळव. नीळ एवढ्यासाठी, की आपलं पाणी कुठलं आणि साचलेलं कुठलं ह्यात घोळ होऊ नये.

गवंड्याला मला विचारल्याशिवाय पहार लावू देऊ नकोस. ह्या बाबतीत माझं ऐक.

मास्तरला माझा नमस्कार सांग. त्याला कानांनी ऐकू येतं ना? मग माझं पत्र त्याला वाचून दाखव. त्याचा पलंग समोरच्या खोलीतच असू दे. तिथे ऊन येतं, त्याला बरं वाटेल.

दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुला मोघम उत्तर द्यायला नको म्हणून थांबले. एका दिवसाच्या मापावर काय विश्वास ठेवायचा? दहा तारखेपासून रोज सकाळी नर्सबाई गेली की पाच बादल्या ओतते आणि चेंबरकडे धावते. वहीत लिहून ठेवलं आहे. पहिल्या दिवशी चार बादल्या पोचल्या. दुसऱ्या दिवशी साडेतीन. मग दोन. मग दीड. काल अर्धी. आज टमरेलभरसुद्धा नाही. नुसती बोटं निळी झाली.

सहा दिवसांत तीस बादल्या ओतल्या, दादा, आणि बारासुद्धा पोचल्या नाहीत. पाणी जातं कुठे? एवढं पाणी माती पिते का? तू म्हणालास माती आहे. मग ती भिजून वर यायला हवी होती, चिखल व्हायला हवा होता. फरशी तर कोरडी ठणठणीत आहे. आज पाचवी बादली ओतल्यावर मी श्वास रोखून उभी राहिले, तर खालून पाणी पडल्यासारखा आवाज आला. वाहण्याचा नाही, पडण्याचा. मी बादली तिथेच टाकून अंगणात पळाले. म्हातारी बाई स्वतःच्या घरातून पळत सुटली! कोणी बघितलं असतं तर गावभर हसू झालं असतं.

समोरच्या खोलीचं तू छान सांगितलंस. पण तिथून मोरीपर्यंत त्यांना दिवसातून चार वेळा कोण नेणार, तू? पलंग मोरीला लागून असलेल्या मागच्याच खोलीत आहे, बरोब्बर मधोमध. मला हात धुवायला आणि त्यांचं अंग पुसायला सोयीचं पडतं. आठवड्यापासून पलंग एका पायाकडे कलल्यासारखा वाटतो. पायाखाली त्यांचीच एक जाड वही सरकवली आहे.

आणि आता दुसरं दुखणं. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, त्या दिवसापासून हे फार त्रास देतात. मी बादली उचलली की ह्यांचा डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटायला सुरुवात. धाड धाड धाड. डोळे मोठे करून माझ्याकडे बघतात. आवाजाचा वैताग येतो म्हणावं, तर स्वतःच एवढा आवाज करतात! बोटांची सालं निघाली. नर्सबाई म्हणाली, झटक्यानंतर माणसं अशी हट्टी होतात, मनावर घेऊ नका. परवापासून सकाळी तेवढा वेळ मऊ पट्टीने हात कठड्याला बांधून ठेवते. बांधताना मला रडू येतं, पण करू काय?

लवकर लिही. माझा जीव टांगणीला लागला आहे.

भिंगरी


तार, १७ फेब्रुवारी

पलंग ताबडतोब हलव. मागची खोली बंद कर. पाण्याचा थेंब ओतू नको. पत्र मागून. दादा.


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

तार पोचली असेल. ती पोचायच्या आत काही झालं नसेल, एवढंच मी सकाळपासून म्हणतो आहे. मला पोस्टात जाता येत नाही. शेजाऱ्याला तार लिहून दिली आणि तो परत येईपर्यंत दारातल्या खुर्चीत बसून राहिलो. 

तुझ्या मागच्या खोलीखाली आड आहे. होता असं म्हणत नाही, आहे.

तू सात वर्षांची असताना आपल्या परसातल्या विहिरीत पडलीस. मी दोर घेऊन येईपर्यंत दगडाला धरून लोंबकळत होतीस. त्यानंतर विहीर असलेल्या घरी तू पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावत नव्हतीस. लग्न ठरलं तेव्हा मास्तरला तू एकच अट घातली होतीस, घराजवळ विहीर नको. त्याने हे जुनं घर जागेसकट आधीच घेतलं होतं. गवत काढताना मागे हा आड निघाला. लग्नाला अकरा दिवस उरले होते.

आड बुजवायचा म्हणजे तळापासून दगड आणि मुरूम घालायचा, थराथराने पाणी मारून ठोकत वर यायचं. महिन्याचं काम. ते आम्ही दोघांनी चार दिवसांत उरकलं. पाडलेल्या छपराची लाकडं, फांद्या, फुटकी कौलं, खोकी, हाताला लागेल ते आत लोटलं. तोंडावर दगडी फरश्या आडव्या टाकल्या, वर माती, मातीत माझा पाइप, आणि त्यावर तुझी खोली. लाकूड कुजणार आणि भराव खाली बसणार हे मला कळत होतं. माझा धंदाच तो आहे. वर्षभराने मी मास्तरला म्हटलं, खोली उकरून नीट भरू. तो म्हणाला, ती आत्ता कुठे रुळली आहे, तिला कळलं तर एक दिवस राहणार नाही. त्याने मला शब्द द्यायला लावला. तेव्हापासून दर वर्षी येऊन तुझ्या मोरीत पाणी ओतून बघत होतो. तुला वाटायचं, दादाला धंद्याची खोड.

तू सरळ विचारलंस तेव्हा मी माती म्हणून लिहिलं. आधी बघू, वळणाशीच गळत असेल तर बोलायची वेळच येणार नाही, असा माझा हिशेब. नीळ तुझ्यासाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. एकदाच ओत असं मी लिहिलं नाही. तुझा स्वभाव मला माहीत असून लिहिलं नाही. तू रोज पाच-पाच बादल्यांनी तो भराव खाली धुऊन नेत होतीस, आणि वर मास्तर झोपला होता.

मास्तर चिडलेला नाही, भिंगरी. तो तुला सांगतो आहे. त्याचा हात सोड.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे आधी लिहिते.

तार सतराला दुपारी तीनला आली. त्या दिवशी आणि आदल्या दिवशीही सकाळी मी पाच-पाच बादल्या ओतल्या होत्याच. म्हणजे चाळीस झाल्या. तार वाचून मला काही कळलं नाही. तारवाला दारातच होता. मी म्हटलं, बाबा, आत ये आणि पलंगाला हात लाव. भला माणूस, सायकल तशीच टाकून आला. सकाळी बांधलेला ह्यांचा हात त्या दिवशी सोडायचा राहूनच गेला होता, तो सोडायला गेले तर गाठ सुटेना. शेवटी त्याने चाकूने पट्टी कापली. हात मोकळा झाल्याबरोबर ह्यांनी माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे ढकललं. स्वतःला नाही, मला.

पलंग उंबऱ्यात अडकला. उचलला, तिरका केला, कसाबसा समोरच्या खोलीत नेला. मग औषधांचं स्टूल आणायला म्हणून मी परत वळले. उंबऱ्यात पाय टाकणार, तोच ते स्टूल खाली गेलं. उभंच होतं आणि उभंच गेलं, बाटल्यांसकट. त्याच्या मागोमाग मधल्या फरश्या एकेक करून आत. मला वाटलं होतं असं काही झालं तर केवढा आवाज होईल. काही नाही. कोणी जड पेटी हळू खाली ठेवावी तेवढाच. आणि मग खूप खालून पाणी.

तारवाल्याने माझा दंड पकडून ठेवला, तरी मी वाकून बघितलं. गोल बांधीव दगड. त्यात तुझा पाइप मोडून लोंबत होता. खाली काळोखात निळा रंग दिसत होता. माझी नीळ, दादा. सात वर्षांची असताना जे बघितलं तेच, माझ्या घरात, ह्यांच्या पलंगाखाली. मी तोंडात पदर कोंबला, कारण समोरच्या खोलीत ह्यांना ऐकू गेलं असतं.

तुझं पत्र एकोणीसला आलं. तीनदा वाचलं. विहिरीला मी भीत होते हे खरं, पण तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आता साठीला टेकले आहे. मधे कधीतरी मी मोठी झाले असेन असं तुम्हाला दोघांनाही वाटलं नाही का? ह्यांची वाचा गेली. तुझी नव्हती गेली. तुला सहा तारखेला सगळं ठाऊक होतं आणि तू मला ऊन येतं म्हणून लिहिलंस. ऊन! मी हसले होते ते वाचून. ह्यांनी मात्र त्याच दिवसापासून हात आपटायला सुरुवात केली, कारण तू लिहिलं नाहीस हे त्यांना कळलं. आणि तोच हात मी बांधला.

खोलीला कुलूप लावलं आहे. मोरी बंद आहे, भांडी अंगणात घासते. समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना मी भिंत धरून चालते. आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. आणखी कुठे काही आहे का?

भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरी,

आणखी कुठेही काही नाही. तुझी, मास्तरची, कोणाची म्हणशील त्याची शपथ घेतो. तू विश्वास ठेवणार नाहीस हे मला कळतं, आणि त्याबद्दल मी काही बोलायच्या लायकीचा नाही.

कामाचं तेवढं लिहितो, कारण मोरीशिवाय घर चालणार नाही. आड गवंड्याकडून नीट भरून घे. आधी आतली कुजलेली लाकडं जेवढी निघतील तेवढी काढायची, मग मोठे दगड, मग मुरूम, दर फुटाला पाणी मारून ठोकायचं. तो घाई करेल, करू देऊ नकोस. नवा पाइप आता घराखालून न्यायचाच नाही. मोरीची बाहेरची भिंत फोडून बाहेर काढ आणि भिंतीच्या कडेने चेंबरपर्यंत ने. बिडाचा घे. चार फुटांना एक इंच ढाळ पाहिजे, पाणसळ लावून स्वतः बघ, त्याच्या डोळ्यांवर जाऊ नकोस. वळणावर उघडता येईल असं झाकण ठेवायला सांग. वर माती टाकायच्या आधी दोन्ही तोंडं बंद करून पाइप पाण्याने भर आणि तासभर थांब. पातळी केसभर जरी उतरली तरी सांधा परत करायला लाव.

पाच मार्चला प्लास्टर निघेल. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

मास्तरच्या हाताला आता कसं आहे?

दादा


२८ फेब्रुवारी

दादा,

पाइप झाला. तासभर भरून ठेवला, मी पाट टाकून समोर बसले होते. पातळी तसूभर हलली नाही. पहिल्या वेळी ढाळ कमी पडला होता, गवंडी म्हणाला चालतं, मी म्हटलं माझ्या घरात आता काहीही चालत नाही. त्याने मुकाट्याने परत केलं. आडात दगड पडतो तो आवाज मात्र मला अजून सहन होत नाही. टोपली रिकामी झाली की मी कान झाकते.

ह्यांच्या हातावर खपल्या धरल्या आहेत. नर्सबाईने एक युक्ती शिकवली. हात माझ्या तळव्यावर ठेवायचा. एक थाप म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. मान चुकते, पण हात चुकत नाही. आधी खात्री करून घेतली. हे माझं नाक का? दोन. तुम्ही शाळेत शिपाई होता का? एक. मी स्वयंपाक वाईट करते का? जरा विचार केला आणि दोन! आम्ही दोघं हसलो. त्यांचं अर्धंच तोंड हसतं, पण मला तेवढं पुरलं.

तुझं पत्र आलं तेव्हा ते मी बाजूला ठेवलं आणि दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत त्यांना बसवून घरभर फिरवलं. समोरच्या खोलीत थांबून विचारलं, इथे खाली काही आहे? एक. स्वयंपाकघरात. एक. जिन्याखाली. एक. मोरीत, अंगणात, पायरीपाशी. सगळीकडे एक. माझा श्वास जरा मोकळा झाला.

मग मी खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, 'असतं, तर मला सांगितलं असतंत का?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात माझ्या तळव्यावर तसाच राहिला.  मग त्यांनी एकदा थोपटलं.

'मी घाबरेन म्हणून?'

दोन.

दादा, मी ओरडणार होते. त्याऐवजी त्यांचा हात गालाला लावून रडले, ते पण रडले. ज्या माणसाने मरणाच्या दारातून मला ढकलून बाहेर काढलं तोच माणूस हे सांगत होता, आणि खरं सांगत होता. विहिरीची भीती माझ्या मनातून कधी गेली नाही, जाणारही नाही. पण तुम्ही दोघं मला जपता, त्याची आता मला जास्त भीती वाटते.

तेव्हा पाच तारखेला प्लास्टर निघालं की ये. पहार घेऊन ये. प्रत्येक खोलीतली एक फरशी तू उचलायची. हे खुर्चीत बसून बघतील. आणि मी गुडघे टेकून, वाकून, माझ्या डोळ्यांनी आत बघणार आहे. ते झालं की मग जेवायला बसू.

भिंगरी